आदिमानवासारखं खाऊन तब्येत सुधारते का? इनामगावची हाडं काय सांगतात

कंपनीच्या बसमध्ये हेडफोन विसरलात, किंवा चाकणच्या ट्रॅफिकमध्ये नेमकी रेंज गेली, तर हा एपिसोड वाचता यावा म्हणून हा लिखित मजकूर. माझे "ॲक्च्युअली" आणि "बेसिकली" तेवढे कापलेत, बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय पॅलिओ डाएट. म्हणजे अश्मयुगातला माणूस जे खायचा तेच खायचं. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, सुकामेवा चालेल. भात, पोळी, भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध, साखर बंद. थोडक्यात, शेती आणि गोठा आल्यानंतर माणसाच्या ताटात जे आलं ते सगळं बाहेर.

हा विषय घ्यायचं कारण आमच्या घरातलं आहे. आधी तेच सांगतो.

पप्पांची शुगर ५४

जानेवारीत मी हे डाएट सुरू केलं. जिममधल्या मित्राने रील पाठवलं होतं. सहा आठवड्यांत माझं चार किलो वजन उतरलं. ऑफिसमध्ये लोक विचारायला लागले, मी पण जरा हवेत होतो.

पप्पा हे बघत होते. त्यांना नऊ वर्षांपासून डायबेटिस आहे. रोज मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, अशा दोन गोळ्या चालू. शिवाय ते माळकरी, त्यामुळे अंडं-मासे-मटण काहीच नाही. एक दिवस म्हणाले, "अरे, भाकरी सोडून तू एवढा बारीक झालास, मग मी पण सोडून बघतो." मी म्हटलं, "बघा की पप्पा, शुगर पण खाली येईल."

शुगर खाली आली. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते भक्ती-शक्तीला फिरून आले तेव्हा शर्ट घामाने चिंब, हात थरथरत होते, बोलताना शब्द सापडत नव्हते. ग्लुकोमीटर लावला तर ५४. आईने पटकन साखरेचं पाणी पाजलं, पंधरा-वीस मिनिटांत ते सावरले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मलाच झापलं. "गोळी तेवढीच ठेवलीस आणि भाकरी काढून घेतलीस. मग ती गोळी काय करणार?" मुद्दा साधा आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. तुम्ही जेवलात की नाही हे ते बघत नाही. पिष्टमय पदार्थ एकदम बंद आणि गोळी पूर्वीइतकीच, म्हणजे रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत पडू शकते. इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हाच धोका.

म्हणून एपिसोडमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. घरात कुणाला डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांशी बोलून डोस ठरवल्याशिवाय त्यांचं ताट बदलू नका. इथे वाचणं थांबवलंत तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा.

त्या रात्री मी वाचायला बसलो. ज्या आदिमानवाच्या नावावर मी पप्पांची भाकरी काढून घेतली, तो नक्की खायचा काय?

दावा काय आहे?

ही कल्पना तशी जुनी आहे. १९७५ मध्ये वॉल्टर व्होग्टलिन नावाच्या अमेरिकन पोटविकारतज्ज्ञाने अश्मयुगीन आहारावर पुस्तक काढलं. १९८५ मध्ये बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये यावर लेख लिहिला आणि विषयाला वजन आलं. पुढे २००२ च्या आसपास लॉरेन कॉर्डेन यांचं 'द पॅलिओ डाएट' आलं आणि ते जगभर पसरलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर दावा असा: शरीर हे जुनं हार्डवेअर आहे, लाखो वर्षं शिकार आणि कंदमुळांवर टेस्ट झालेलं. शेती आली जेमतेम दहा-बारा हजार वर्षांपूर्वी. म्हणजे नवीन व्हर्जन पुरेसं टेस्ट न करताच लाइव्ह केलं, आणि डायबेटिस, बीपी, लठ्ठपणा हे त्याचे बग. उपाय काय, तर रोलबॅक.

यात तथ्य अजिबात नाही असं नाही. शेती आल्यावर जगात बऱ्याच ठिकाणी लोकांची उंची घटली, दात जास्त किडायला लागले. हे सांगाड्यांवरून दिसतं.

आणि "आदिमानव तर तिशीत मरायचा" हा टोमणाही नीट बसत नाही. सरासरी आयुष्य कमी दिसतं ते मुख्यतः लहान मुलं खूप दगावायची म्हणून. आजच्या शिकारी समाजांचा अभ्यास सांगतो की जो मोठा झाला, तो सत्तरीपर्यंतही जगू शकतो. लहान मुलांची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण रोलबॅक कुठल्या व्हर्जनवर?

पहिली अडचण इथेच येते. आदिमानवाचं एक असं मेन्यूकार्ड नव्हतं. आर्क्टिकमधले इन्युइट लोक पूर्वी सील, मासे आणि चरबीवर जगायचे. टांझानियातले हाद्झा लोक आजही शिकार करतात, पण कंद, बोरांसारखी रानफळं, गोरखचिंचेची फळं आणि भरपूर मध खातात. दोघेही शिकारीच, पण ताटं एकमेकांच्या उलट.

दुसरी अडचण, धान्य आणि पिष्ट शेतीआधीही पोटात जात होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या बॉर्डर केव्हमध्ये १,७०,००० वर्षांपूर्वी भाजलेले कंद सापडलेत. इटलीत ३२,००० वर्षांपूर्वीच्या दगडावर रानटी ओट्स दळल्याच्या खुणा आहेत. जॉर्डनमध्ये १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीचे जळलेले तुकडे मिळाले, म्हणजे तिथे शेती सुरू व्हायच्या साधारण ४,००० वर्षं आधी! शिकारी माणूस रानातलं धान्य गोळा करून, दळून, भाजून खात होता.

हार्डवेअरही जुनंच राहिलेलं नाही. थुंकीत अमायलेज नावाचं पिष्ट पचवणारं एन्झाइम असतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पिढ्यान्‌पिढ्या पिष्ट खाणाऱ्या समाजांत त्याच्या जनुकाच्या प्रती सरासरीने जास्त असतात. मोठेपणीही दूध पचवण्याची क्षमता तर काही समाजांत गुरं पाळायला लागल्यानंतरच पसरली. पॅच येत राहिलेत.

आणि मी त्या सहा आठवड्यांत काय खात होतो? ब्रॉयलर कोंबडी, ॲव्होकॅडो, टोमॅटो, ढोबळी मिरची, केळी. ॲव्होकॅडो, टोमॅटो आणि मिरची अमेरिका खंडातून आलेली. आपल्याकडच्या अश्मयुगातल्या कुणी ती बघितलीही नव्हती. रानकेळ्यात बिया एवढ्या की खायला गर शोधावा लागतो. मंडईतली जवळपास प्रत्येक वस्तू शेतकऱ्याने हजारो वर्षं निवडून निवडून घडवलेली आहे. मी अश्मयुग खात नव्हतो. मी महागडी भाजी खात होतो.

इनामगाव: आपल्याच जिल्ह्यातला खरा रोलबॅक

आता मुख्य गोष्ट. शेती करणारी माणसं पुन्हा शिकारीकडे वळली तर काय होतं, याचा एक खरा किस्सा पुणे जिल्ह्यातच आहे. चाकणहून शिक्रापूरला उतरलात की शिरूर तालुका लागतो. याच तालुक्यात, पुण्यापासून साधारण ८५ किलोमीटरवर, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे.

डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ अशी तब्बल पंधरा वर्षं तिथे उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही यातली मोठी नावं. सापडलं ते ताम्रपाषाण युगातलं गाव, इ.स.पू. १६०० ते ७०० च्या दरम्यानचं. म्हणजे ही अश्मयुगातली माणसं नव्हेत, ती शेतकरी होती. आणि म्हणूनच ती आपल्या प्रश्नासाठी कामाची आहेत.

भर बहरात गाव कसं होतं? चौकोनी मोठी घरं, धान्य साठवायच्या कणग्या आणि बळद, नदीचं पाणी वळवायला बांध आणि पाट. मुख्य पीक जव, म्हणजे बार्ली. सोबत डाळी-कडधान्यं, घरची गुरं-शेळ्या, नदीतले मासे.

मग इ.स.पू. १००० च्या सुमारास चित्र पालटलं. चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या. शेती पूर्ण सुटली नाही, पण कमी झाली, आणि हरणांसारख्या रानटी जनावरांची शिकार वाढली. ढवळीकरांचं मत होतं की पाऊस कमी झाला आणि शेती कोलमडली. सगळे अभ्यासक हवामानाचं हे कारण मान्य करत नाहीत, पण जगणं बदललं हे मातीत दिसतं. पुढे इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव उठलं.

म्हणजे बघा, एकच गाव, तीच नदी. आधी शेतीचं ताट, नंतर बरंचसं शिकारीचं आणि रानातलं. पॅलिओवाल्यांचा दावा खरा असेल तर नंतरच्या लोकांची तब्येत सुधारायला हवी.

हे तपासता येतं ते एका हळव्या कारणामुळे. इनामगावचे लोक दगावलेल्या बाळाला घराबाहेर लांब नेत नसत. दोन मातीची मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यात बाळ, आणि ती घराच्या जमिनीखालीच पुरायची. त्यामुळे शंभरेक पिढ्यांनंतरही त्या लेकरांची हाडं आणि दुधाचे दात अभ्यासाला मिळाले.

आधी दातांचं बघू. जॉन लुकाच आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी दुधाचे सुळे तपासले. बाळ वाढताना उपासमार किंवा आजार झाला तर दाताच्या आवरणात खड्डा राहतो. नंतरच्या काळातल्या मुलांमध्ये असे खड्डे कमी दिसले. त्यावरून वाटलं की फिरतं, शिकारीचं जगणं बाळांना मानवलं असावं. पॅलिओ जिंकलं!

थांबा. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी त्याच मुलांची हाडं मोजली. त्यांचं यावरचं पुस्तक २०११ मध्ये आलं. पद्धत भारी आहे. दात किती तयार झालेत त्यावरून वय काढायचं. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची. आणि त्याच हाडाच्या आडव्या छेदावरून अंगातलं वजन, कारण हाड जेवढा भार पेलतं तेवढं जाड होतं. मग वयाच्या मानाने उंची-वजन किती हवं होतं, किती होतं, हे ताडून बघायचं. अंगणवाडीतल्या तक्त्यासारखंच, फक्त तीन हजार वर्षं उशिरा.

निष्कर्ष उलटा निघाला. नंतरच्या काळातली लेकरं वयाच्या मानाने खुजी आणि हलकी होती. कुपोषणाची खूण. बाळं दगावण्याचं प्रमाणही मोठं होतं.

दात एक सांगतात, हाडं दुसरं. हाडं मोजल्यावर "शिकारीकडे परत गेले आणि तब्येत सुधारली" ही सरळ गोष्ट टिकत नाही. मला यातून एक गोष्ट कळली. ताटात कुठले पदार्थ आहेत हा प्रश्न अर्धा आहे. ते पुरेसे आहेत का, वर्षभर मिळतात का, आणि गरोदर बाईच्या वाट्याला किती येतात, हा उरलेला अर्धा. इनामगावच्या लोकांनी रान निवडलं नव्हतं. शेतात पुरत नव्हतं म्हणून ते रानात गेले.

आणि आज रानातलं खाणारे?

हे तीन हजार वर्षांपूर्वीचं झालं. आता आपल्या शेजारी बघा. मावळ-मुळशीत, निगडीहून तास-दीड तासावर, कातकरी वाड्या आहेत. मासे, खेकडे, उंदीर-घुशी, मध, कंद, रानभाज्या हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं खाणं. पॅलिओच्या यादीत फिट बसेल असं.

आणि या खाण्यामागे किती डोकं आहे! शेवळं नुसतीच शिजवली तर घसा खवखवून हैराण होतो, म्हणून त्यात काकडं किंवा चिंच घालतात. कडू कंद कापून, राखेत उकळून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय खाता येत नाही. रान म्हणजे काही सॅलड बार नाही.

पण आज कातकरी समाज राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे. अनेक कुटुंबं हंगामात वीटभट्टीवर जातात. मुलांमध्ये कुपोषण हा तिथला रोजचा प्रश्न आहे. जंगल हातातून गेलं, जमीन नावावर नाही, आणि बाजारातून डाळ-तेल घ्यायला पैसा पुरत नाही. आपण हजार रुपयांचा पॅलिओ बॉक्स मागवतो तेव्हा ही दुसरी बाजूही माहीत असावी.

मग माझं वजन का उतरलं?

प्रामाणिक उत्तर: मी काय खाल्लं यापेक्षा काय सोडलं त्यामुळे. ऑफिसच्या खाली वडापाव, चार वाजताची बिस्किटं, दिवसातून पाच गोड चहा, रात्री शिफ्ट संपल्यावर बिर्याणी. हे सगळं एकदम बंद झालं. कुठलंही डाएट हे बंद करतं.

संशोधनही साधारण हेच म्हणतं. स्वीडनमध्ये २९ हृदयरुग्ण पुरुषांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. पॅलिओ गटात साखरेचं नियंत्रण भूमध्य समुद्राकडच्या आहारापेक्षा चांगलं सुधारलं. म्हणजे फायदा होऊ शकतो, पण प्रयोग छोटा. तिथेच ७० स्थूल महिलांवर दोन वर्षांचा अभ्यास झाला. सहा महिन्यांना पॅलिओ गटाची चरबी जास्त घटली होती. दोन वर्षांनी हा फरक उरला नाही. सुरुवात सोपी, टिकवणं अवघड.

व्यायामाबद्दलही एक धक्का आहे. हर्मन पाँटझर यांनी २०१२ मध्ये हाद्झा लोकांचा रोजचा कॅलरी खर्च मोजून प्रसिद्ध केला. दिवसभर चालणारे हे लोक, पण शरीराचा आकार लक्षात घेतला तर एकूण खर्च पाश्चात्त्य शहरी माणसाएवढाच निघाला. चालण्याचे फायदे खूप आहेत, पण नुसतं चालून वडापाव फिटत नाही.

आपल्या शरीराचा प्रश्न वेगळाच आहे

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो जगभर गाजला. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला. त्यात ते स्वतः आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! बाहेरून सडपातळ, आतून चरबी.

हे कुठून येतं? पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की इथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हलकी, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून. आणि ज्या आयांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं मोठी होती.

पुन्हा पुणे जिल्हा, पुन्हा आई आणि बाळ. इनामगावनंतर तीन हजार वर्षांनीही प्रश्न तिथेच येऊन थांबतो.

आता यावर पॅलिओ लावून बघा. आपल्याकडे शाकाहारी माणसांत बी-१२ची कमतरता आधीच खूप. माझ्या पप्पांसारख्या माळकरी माणसाच्या ताटातून डाळ आणि दूध काढलं तर प्रथिनं आणि बी-१२ येणार कुठून? नुसत्या काकडी-बदामावर?

डाळीतल्या लेक्टिनची भीती घालतात, त्यात एवढंच खरं आहे की कच्चा राजमा विषारी असतो. भिजवून नीट उकळला की प्रश्न संपतो. मटकी भिजवून, मोड आणून उसळ करायची आपली पद्धत हेच तर करते.

आता आमच्या घरी काय चालतं

पॅलिओतला खरा मुद्दा आम्ही ठेवला: पाकिटातलं आणि मैदा-साखर कमी, भाजी जास्त, प्रथिनं पुरेशी. त्यासाठी अश्मयुगात जायची गरज नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातही धान्यातून येणाऱ्या कॅलरी ४५ टक्क्यांच्या वर नसाव्यात असंच म्हटलंय. आपण भातावर भात घेतो तेव्हा ही रेषा कधीच ओलांडलेली असते.

आमचे बदल साधे आहेत:

– तीन भाकऱ्यांच्या जागी दीड, आणि भाजी-उसळ दुप्पट. पप्पांच्या गोळीचा डोस डॉक्टरांनी त्याप्रमाणे बदलून दिलाय.
– पप्पांना रोज ताक किंवा दही, आणि बी-१२ तपासून डॉक्टरांनी दिलेली गोळी. मला अंडी.
– आठवड्यात पाच वेगवेगळ्या भाज्या, त्यात निदान दोन पालेभाज्या. पावसाळ्यात टाकळा, भारंगी, करटोली, विकायला बसलेल्या मावशींकडून, त्या सांगतील तशी शिजवून.
– बिस्किटांऐवजी फुटाणे. चहा दोनच, माझा बिनसाखरेचा. (आई अजून यावर हसते.)

माझं दीड किलो वजन परत आलं. पप्पांची शुगर मात्र त्या दिवसानंतर एकदाही सत्तरच्या खाली गेलेली नाही. भक्ती-शक्तीची फेरी रोज चालू आहे, फक्त आता खिशात दोन ग्लुकोजच्या गोळ्या असतात.

तुमच्या घरात कुणी असा एकदम डाएट बदलून फसलंय का, किंवा जमवून दाखवलंय का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि हा भाग घरातल्या त्या एका माणसाला नक्की फॉरवर्ड करा, जो रील बघून आई-वडिलांची भाकरी बंद करायला निघालाय. मी तोच माणूस होतो.

भेटूया पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, आणि आज जेवताना भाजी जरा जास्त वाढून घ्या.